हा तंबोरा खरोखर मिरजेचा काय?

गेल्या वर्षीं स्नेहसंमेलनाची तयारी चालू असतां आमच्या शाळेच्या संगीताच्या खोलींत एक मोठा तंबोरा आला. अकोल्याच्या एका वयोवृद्ध गृहस्थांनीं तो रजईंत गुंडाळून, बडनेऱ्यास गाडी बदलतांनाहि हमालाच्या हातीं न देतां, स्वतः उचलून अमरावतीस आणिला होता. त्यांची नात आमच्याकडे नववीच्या वर्गांत शिकते. मुलीचा गळा गोड, गाण्याची आवड मनापासूनची. तेव्हां आजोबांनीं निवृत्तिवेतनांतून शिल्लक टाकलेले ६०,००० रुपये मोजून तिच्यासाठीं तो एका मध्यस्थाकडून विकत घेतला. ‘साठ वर्षांपूर्वींचा, अस्सल मिरजेचा, नक्षी सगळी हस्तिदंताची,’ असें मध्यस्थानें सांगितलें होतें. आणि दांडीच्या वरच्या टोंकाजवळ मिरजेच्या एका कारागिराच्या नांवाची पितळी पट्टीहि बसविलेली होती. आम्हीं सर्वांनीं तंबोऱ्याचें कौतुक केलें. त्यांत शंका घेण्यासारखें कांहीं आहे हें, खरें सांगावयाचें तर, आमच्यापैकीं एकाच्याहि ध्यानांत आलें नाहीं.

तें आलें एका फिरत्या कारागिराच्या ध्यानांत. शाळेच्या जुन्या तंबोऱ्याची जवारी काढण्यासाठीं आम्हीं त्याला बोलाविलें होतें. हा नवा तंबोरा पाहतांच त्यानें तो आडवा घेतला, पट्टीवरून नख फिरविलें आणि परवानगी विचारून तिचे दोन बारीक स्क्रू काढले. साठ वर्षें जी पट्टी एका जागीं बसलेली असते तिच्याखालीं उजेड पोंचत नाहीं, कोणाचा हात लागत नाहीं. तेथील पॉलिशाचा रंग भोवतालच्या रंगाहून निराळा राहतो. भिंतीवरची जुनी तसबीर काढली म्हणजे मागें फिकट चौकोन दिसतो, तसेंच हें. येथें तो चौकोन नव्हता. ‘काका, दांडी जुनी आहे, लाकूडहि तुणाचेंच आहे,’ तो म्हणाला, ‘पण ही पट्टी हिची नव्हे. आणि भोपळा तर ह्या दांडीचा मुळींच नव्हे.’ आजोबा कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं नातीला पाणी आणावयास पाठविलें आणि ती गेल्यावर विचारलें, ‘मग हा आहे तरी कोठला?’

ह्या प्रश्नाचें उत्तर वाटतें तितकें सोपें नाहीं, आणि पुष्कळ पालकांवर तो विचारण्याची पाळी येण्यासारखी आहे. म्हणून आम्हीं ह्या विषयाचा थोडा शोध घेतला. त्याचें सार येथें देतों.

प्रथम मिरजेच्या नांवाला एवढें मोल कां, तें पाहूं. मिरजेंतील शिकलगार घराणीं पूर्वीं तरवारी व इतर शस्त्रें घासून धार लावण्याचें काम करीत. एकोणिसाव्या शतकांत संस्थानी सैन्यें मोडलीं, शस्त्रांचें काम आटलें, आणि ह्याच हातांनीं सतार-तंबोऱ्याचें काम धरलें. ह्या धंद्याच्या आरंभींच्या कारागिरांत फरीदसाहेब यांचें नांव आजहि आदरानें घेतलें जातें. पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय होता. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेस राहून शिकवीत. विष्णु दिगंबर पलुस्कर हे तेथेंच त्यांच्यापाशीं तयार झाले. पुढें अब्दुल करीम खांसाहेब मिरजेस येऊन राहिले, आणि १९३७ सालीं त्यांचें देहावसान झाल्यावर त्यांस तेथील दर्ग्याच्या आवारांतच मूठमाती मिळाली. करणारा आणि गाणारा एकाच गांवांत राहत असल्यानें तंबोऱ्यांतला दोष संध्याकाळीं गवयाच्या तोंडून ऐकावा व सकाळीं कारखान्यांत सुधारावा, असें तेथें होऊं शकलें. मिरजेच्या कामाची कीर्ति आम्हांस तरी ह्यांतच दिसते.

आतां तंबोरा होतो कसा? त्याचें पोट म्हणजे कडू भोपळा. तो पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूस, सोलापूर जिल्ह्यांत पिकतो. पक्व भोपळा महिनेन् महिने वाळवितात, मग कापून आंतील गीर व बिया काढतात. त्यावर लाकडाचा गळा, पुढें पोकळ दांडी आणि तोंडावर पातळ फळी बसवितात. ह्या फळीला तबली म्हणतात. लाकूड बहुधा तुणाचें, कारण तें हलकें असून लवकर वांकत नाहीं. तबलीवर घोडी, वर चार खुंट्या, खालीं सूर बारीक जुळविण्याचे मणी. निसर्गाची वस्तु असल्यामुळें कोणतेहि दोन भोपळे सारखे नसतात, आणि खरा भोपळा चोहों बाजूंनीं अगदीं गोल असा क्वचितच सांपडतो. आमच्या पाहुण्याचें पोट मात्र कुंभाराच्या चाकावरून उतरल्यासारखें वाटोळें होतें. कारागिरानें तळाशीं, जेथें रंग थोडा उडाला होता, तेथें बोट ठेवून दाखविलें. आंत भोपळ्याची साल नव्हती. सुताराची लांबी आणि तिच्याखालीं कापडाचा थर होता. जुना भोपळा फुटला असावा, त्याच्या जागीं हें दुसरें पोट घडविलें असावें, आणि वरून काळसर पॉलिश चढवून दोहोंचें वय एक केलें असावें.

राहिला हस्तिदंत. खऱ्या हस्तिदंताच्या आडव्या कापावर एकमेकींस छेदणाऱ्या बारीक रेषांचें जाळें दिसतें. तें भिंगानें पाहतां येतें. येथें सगळा पृष्ठभाग दुधासारखा एकसारखा होता, म्हणजे प्लास्टिक. ह्या ठिकाणीं आम्हांस थोडें हसूं आलें. १९७२ च्या वन्य जीव संरक्षण कायद्यांत १९८६ व १९९१ सालीं झालेल्या दुरुस्त्यांनीं प्रथम आपल्या देशांतील व नंतर आफ्रिकेंतून येणाऱ्याहि हस्तिदंताचा व्यापार बंद झाला. म्हणजे मध्यस्थाचें म्हणणें खोटें असेल तर ती फसवणूक, आणि खरें असेल तर तो गुन्हा!

कोणी म्हणेल कीं, एवढी चिकित्सा कशाला? कान आहेत ना? तंबोरा छेडावा आणि नादावरून ओळखावा. आम्हांसहि प्रथम असेंच वाटलें होतें. परंतु तंबोऱ्याचा नाद हा मुख्यतः जवारीचा खेळ आहे. घोडीचा माथा सपाट नसून त्याला अगदीं हलका बांक असतो. कंप पावणारी तार त्या बांकावर टेकते, सुटते, पुन्हां टेकते. तारेखालीं सरकविलेला सुती दोरा हें टेकणें कोठें व्हावें तें ठरवितो. सर चंद्रशेखर वेंकट रामन् यांनीं १९२१ सालीं आपल्या तंतुवाद्यांवर एक निबंध लिहिला, त्यांत ह्या गोष्टीचा विचार आहे. तार जेथें छेडली तेथें ज्या उपस्वरांचा निश्चल बिंदु येतो ते उपस्वर उमटूं नयेत, असा तारांच्या कंपनाचा प्रसिद्ध नियम. उदाहरणार्थ, तार बरोबर मध्यावर छेडली तर दुसरा, चवथा असे सम उपस्वर गप्प राहिले पाहिजेत. तंबोऱ्यावर हा नियम चालत नाहीं. ते उपस्वरहि स्पष्ट ऐकूं येतात, असें त्यांस आढळलें. ह्याचें कारण घोडीचा तो बांक. सारांश, तरबेज हातानें जवारी काढली तर साधा तंबोराहि भरभरून बोलतो, आणि जवारी बसलेली असली तर मिरजेचा नामांकित तंबोरा देखील भिंतीशीं टेकून मुका राहतो. कान हा नादाचा परीक्षक होय, गांवाचा नव्हे.

युरोपांतील व्हायोलिनांच्या बाबतींतहि हाच अनुभव आहे. इटलींतील क्रेमोना येथील अंतोनिओ स्ट्राडिव्हारी १७३७ सालीं वारला. त्याच्या हातचें व्हायोलिन आज कोट्यवधि रुपयांस जातें. २०१० सालीं अमेरिकेंतील इंडियानापोलिस शहरीं एकवीस वादकांच्या हातीं सहा व्हायोलिनें देण्यांत आलीं. तीन नवीं, तीन जुनीं इटालियन. खोलींत अंधुक उजेड, आणि वादकांच्या डोळ्यांवर लोखंड जोडणारे कारागीर लावतात तसले काळे चष्मे! बहुतेकांस आपल्या हातांत जुनें आहे कीं नवें हें सांगतां आलें नाहीं, आणि सर्वांत कमी पसंती मिळाली ती एका स्ट्राडिव्हारीलाच.

ह्या स्ट्राडिव्हारीच्या नांवाची चिठी जगभर किती व्हायोलिनांच्या पोटांत चिकटलेली आहे, ह्याची गणती नाहीं. आपल्याकडेहि एखाद्या जुन्या वाड्याच्या माळ्यावर असें व्हायोलिन निघतें आणि घरांत एकच धांदल उडते. जर्मनींतील मार्कनॉयकिर्शेन व मिटेनवाल्ड ह्या गांवांतून एकोणिसाव्या शतकांत हजारों स्वस्त व्हायोलिनें बाहेर पडलीं, त्यांत ही चिठी सर्रास लावीत. तिचा अर्थ बहुधा ‘ह्या नमुन्याबरहुकूम’ एवढाच असे. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्यानें मालावर देशाचें नांव घालणें भाग पडल्यावर तर एकाच चिठीवर लॅटिनमध्यें क्रेमोनाच्या कारागिराचें नांव आणि खालीं इंग्रजींत जर्मनीचें नांव अशी गंमत झाली. तेव्हां माळ्यावरच्या व्हायोलिनानें वाड्याचें कर्ज फिटेल अशी आशा कोणीं धरूं नये.

व्हायोलिनाला निदान एक शास्त्रीय कसोटी आहे. त्याच्या पुढच्या फळीवर देवदाराच्या जातीच्या झाडाच्या वार्षिक रेषा दिसतात. त्या मोजून, तुलना करून, शेवटची रेषा कोणत्या सालची तें काढतां येतें. ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयांत ‘मसाया’ नांवाचें, १७१६ सालचें म्हणून प्रसिद्ध असलेलें स्ट्राडिव्हारीचें व्हायोलिन आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस एका तज्ज्ञानें तें नंतरच्या काळची नक्कल असावी अशी शंका काढली आणि मोठा वाद माजला. रेषा मोजल्या तेव्हां त्या १६८० नंतरच्या दशकापर्यंतच्याच निघाल्या. बारकाईनें पाहिलें तर ह्यानें तें स्ट्राडिव्हारीनेंच केलें हें सिद्ध होत नाहीं. लाकूड त्याच्या काळाशीं जुळतें एवढेंच ठरतें. रेषा जर १८०० सालच्या निघाल्या असत्या तर मात्र वाद तेथेंच संपला असता. खोटें सिद्ध करणें एक वेळ सोपें. खरें सिद्ध करणें फार कठीण. भोपळ्याच्या सालीवर तर असल्या वार्षिक रेषाहि नसतात.

आतां आपल्याकडे एक नवी सोय झाली आहे. मिरजेबाहेर झालेलीं वाद्यें मिरजेचीं म्हणून विकलीं जातात अशा तक्रारी तेथील कारागिरांपर्यंत पोंचल्या होत्या. त्यांनीं २०२१ सालीं अर्ज केला आणि ३० मार्च २०२४ रोजीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें. हें मानांकन म्हणजे काय हें वऱ्हाडांतील मुलांस समजावणें कठीण नाहीं. वरुड-मोर्शीकडची संत्रीं ज्या ‘नागपुरी संत्रा’ ह्या नांवानें जातात, त्या नांवास असेंच मानांकन आहे. ठरलेल्या प्रदेशाबाहेरच्या फळास तें नांव लावतां येत नाहीं. परंतु मानांकन गांवाची हमी देतें. अमुक कारागिराचा हात लागला, किंवा नाद उत्तमच निघेल, अशी हमी तें देत नाहीं. शिवाय तें नव्या मालास उपयोगी. साठ वर्षांपूर्वींच्या म्हणून विकावयास आलेल्या तंबोऱ्याच्या अंगावर तें कोठून असणार?

जुनें वाद्य घेतांना म्हणून कागद पाहावे. पहिल्या खरेदीची पावती, दुरुस्तीच्या चिठ्या, पूर्वींच्या मालकाचें एखादें छायाचित्र, ज्यांत तेंच वाद्य दिसत आहे. सोबत वाजविणारा माणूस न्यावा. विकणारा ‘आजच ठरवा, उद्यां दुसरा येणार’ असें म्हणूं लागला कीं घरीं परतावें. पावतीवर ‘एक तंबोरा’ एवढेंच न लिहितां, कोणत्या गांवचा, किती जुना, कशाचा केलेला, हें विकणाऱ्याच्या सहीनें लिहून घ्यावें. पुढें भांडण झालें तर हीच ओळ कामास येते. आमच्या आजोबांनीं, सुदैवानें, ती लिहून घेतली होती. आणि पालकांस आणखी एक सांगावेंसें वाटतें. मुलाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांस नामांकित जुन्या वाद्याची मुळींच गरज नसते. ज्या जिल्ह्यांत तुकडोजी महाराजांनीं एका खंजिरीवर गांवेंच्या गांवें रात्रभर बसवून ठेविलीं, तेथें हें आम्हीं वेगळें सांगावयास नको.

आजोबांनीं पट्टी व तळाचीं छायाचित्रें काढून पट्टीवरच्या नांवाच्या घराण्यास मिरजेस पाठविलीं. उत्तर आठ दिवसांत आलें. दांडीची घडण आमच्याकडची असूं शकेल, पण प्रत्यक्ष पाहिल्याखेरीज सांगतां येणार नाहीं. पोट आमचें नाहीं. पट्टी आमचीच आहे, पण ती सतारीवर लावावयाची आहे, तंबोऱ्यावर नव्हे, असा त्याचा आशय होता. तें पत्र आणि पावतीची नक्कल पुढें करतांच मध्यस्थ नरमला व त्यानें २५,००० रुपये परत केले. तंबोरा परत करावयाचा कीं ठेवावयाचा ह्याविषयीं घरांत दोन मतें होतीं. नातीनें तो ठेवण्याचा हट्ट धरला. कारागिरानें जवारी नव्यानें काढून दिली, आणि संमेलनांत तिनें त्याच तंबोऱ्यावर भूप गाइला. पट्टी आतां पाकिटांत, पत्रासोबत, आजोबांच्या कपाटांत आहे. दांडीवर तिच्या स्क्रूंचीं दोन भोंकें राहिलीं आहेत. तीं बुजवावीं असें कारागिराचें म्हणणें होतें, पण मुलीनें तीं बुजवूं दिलीं नाहींत. उरलेल्या रकमेविषयीं मध्यस्थाशीं पत्रव्यवहार अद्याप चालू आहे.