सरड्याच्या विषातली किल्ली

एक कोडे पाहा. एका माणसाला आज ग्लुकोजचे पाणी पाजले. उद्या त्याच्या रक्तातील साखर तितकीच वाढेल, एवढे ग्लुकोज शिरेतून दिले. दोन्ही दिवशी स्वादुपिंडातून इन्शुलिन सारखेच स्रवेल, असे तुम्ही म्हणाल. पण तसे होत नाही! प्यायलेल्या ग्लुकोजमुळे कितीतरी अधिक इन्शुलिन स्रवते. असे का बरे?

अन्न पोहोचताच आतडे स्वादुपिंडाला निरोप धाडते. या निरोप्यांपैकी एक संप्रेरक म्हणजे जीएलपी-१. स्वादुपिंडातील बीटा पेशींवर त्याच्यासाठी खास प्रथिने असतात. त्यांना ग्राही म्हणतात. ग्राही हे कुलूप, तर संप्रेरक ही किल्ली. किल्ली बसली की इन्शुलिनचा स्राव वाढतो; मात्र रक्तात साखर वाढलेली असेल तरच. मधुमेहावर किती नामी उपाय!

पण एक अडचण होती. रक्तातील डीपीपी-४ नावाचे विकर या किल्लीच्या टोकाची दोन अमिनो आम्ले छाटून टाकते. सुमारे २ मिनिटांत निम्मे रेणू निकामी होतात. मग औषध करायचे कसे?

उत्तर मिळाले एका विषारी सरड्याकडे. अमेरिका व मेक्सिकोच्या वाळवंटी भागात हिला मॉन्स्टर हा सरडा राहतो. न्यूयॉर्कमधील डॉ. जॉन एंग यांना त्याच्या विषात ३९ अमिनो आम्लांची एक साखळी सापडली. हे संशोधन १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. ही साखळी आपल्या कुलपाला बरोबर बसते. शिवाय आपल्या किल्लीत दुसऱ्या जागी ॲलनीन असते, तर हिच्यात ग्लायसीन. एवढ्याशा फरकाने विकराची कात्री चालेनाशी होते! प्रयोगशाळेत बनवलेल्या याच रेणूला, एक्झेनाटाइडला, २००५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. दिवसातून दोनदा टोचायचे हे औषध.

पुढे रसायनशास्त्रज्ञांनी मानवी किल्लीच सुधारली. तिची दुसरी जागा बदलली आणि रक्तातील अल्ब्युमिनला चिकटून राहील असे मेदाम्लाचे शेपूट तिला जोडले. हे सेमाग्लुटाइड. २०१७ मध्ये मान्यता मिळालेले हे औषध आठवड्यातून एकदाच टोचले तरी पुरते. मेंदूतही असे ग्राही असल्याने भूक मंदावते व वजन घटते.

अर्थात, मळमळ, उलट्या असे त्रास होऊ शकतात; म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय ही औषधे घेऊ नयेत. आणि ज्यांच्या बीटा पेशीच नष्ट झाल्या आहेत, त्यांना इन्शुलिनच घ्यावे लागते. दारच नसेल तर किल्ली काय करणार?

आता प्रश्न तुमच्यासाठी: असे रेणू बहुधा टोचूनच का द्यावे लागतात? खाल्लेल्या अंड्यातील प्रथिनांचे पोटात काय होते, ते आठवा!