व्याजदर ठरतो रोख्याच्या अटींवर

रोखे घेताना सर्वसामान्य गुंतवणूकदाराची नजर प्रथम व्याजाच्या आकड्यावर जाते. हा आकडा मात्र अटींवर बेतलेला असतो. मुदतीपूर्वी पैसे परत करून मोकळे होण्याचा हक्क, म्हणजेच ‘कॉल ऑप्शन’, कंपनीने स्वतःकडे राखला, तर गुंतवणूकदार जादा व्याज मागतो. मध्येच पैसे काढून घेण्याचा ‘पुट ऑप्शन’ त्याला मिळाला, तर तो थोड्या कमी व्याजालाही राजी होतो. तारण आणि करसवलत यांचाही परिणाम असाच.

या हक्काचे मोल गुजरातच्या सरदार सरोवर नर्मदा निगमच्या रोख्यांनी दाखवून दिले. १९९३ मध्ये ३,६०० रुपयांना विकलेल्या या रोख्यावर जानेवारी २०१४ मध्ये १ लाख ११ हजार रुपये मिळणार होते. मध्येच बाहेर पडण्याची मुभा होती ती गुंतवणूकदाराला, निगमला नव्हे. पुढे व्याजदर उतरले आणि हे कर्ज डोईजड झाले. तेव्हा गुजरात सरकारने २००८ मध्ये चक्क कायदा करून निगमला मुदतपूर्व परतफेडीचा अधिकार दिला. जानेवारी २००९ मध्ये रोख्यामागे ५० हजार रुपये देऊन हिशेब मिटवण्यात आला.

तोपर्यंतचा परतावा वार्षिक १८ टक्क्यांच्या वर जातो. मग तक्रार कसली? मेख उरलेल्या पाच वर्षांत आहे. ५० हजारांचे १ लाख ११ हजार होण्यास वर्षाला १७ टक्क्यांहून अधिक व्याज लागते. २००९ मध्ये एवढे व्याज कोणती बँक देणार होती? हा हक्क मूळ अटींतच असता, तर निगमला १९९३ मध्ये त्याची किंमत जादा व्याजाच्या रूपाने मोजावी लागली असती. तो मागाहून मिळाला, तोही फुकटात.