न थांबणारी पेडल

लोधीपुऱ्यात माझी सायकल बघायला पोरं जमतात. तिला गिअर नाहीत आणि फ्रीव्हीलही नाही. चाक फिरतं तोवर पेडल फिरणारच. उतारावर पाय सोडून निवांत बसणं नाही. पुढे 48 दाते, मागे 16. म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात चाक 3 वेळा फिरतं, सायकल 6 मीटरहून थोडी जास्त पुढे जाते. मिनिटाला 90 फेरे मारले की ताशी 34 किलोमीटर. सपाटीवर झकास! असीरगडच्या चढावर मात्र मांड्या पिळून निघतात. उतारावर ताशी 50 गाठली, की पायांना मिनिटाला 130 हून अधिक फेरे घ्यावे लागतात. भीती वाटते ती तिथेच. गेल्या हौशी शर्यतीत मी ब्रेक दाबतच उतरलो आणि पाच जण शेजारून सुसाट निघून गेले.

आई म्हणते, "अरे, गिअरची घे ना!" मी तिला सांगतो, टूर द फ्रान्समध्येसुद्धा डिरेलरला परवानगी 1937 मध्ये मिळाली. पण मुंबई-पुणे शर्यतीत उतरायचं, तर तिचं ऐकावंच लागेल. बोरघाटात पहिला येणाऱ्याला तिथे ‘घाटांचा राजा’ म्हणतात.

तुम्ही अशी सायकल घेतलीत, तर पुढचा ब्रेक लावूनच घ्या. दुकानदार काहीही म्हणो.