चार चाकांवरील चढउतार

लाकडी फळीला चार चाके जोडून त्यावर तोल सांभाळत धावण्याचा खेळ म्हणजे स्केटबोर्डिंग. २०२१ साली पार पडलेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये या खेळाने प्रथमच प्रवेश केला. मात्र त्यामागील व्यवसायाचा इतिहास क्रीडाप्रेमींइतकाच उद्योजकांनीही वाचावा असा आहे.

कॅलिफोर्नियातील जीवरक्षक लॅरी स्टीव्हन्सन यांनी १९६३ साली 'मकाहा' हे स्केटबोर्ड बाजारात आणले. मागणी झपाट्याने वाढली. परंतु त्या काळची मातीमिश्रित चाके रस्त्यावर घट्ट पकड घेत नसत. लहानसा खडा आडवा आला तरी खेळाडू कोसळे. अपघात वाढले, अनेक शहरांनी बंदी घातली आणि १९६५ च्या अखेरीस ही बाजारपेठ कोसळली. स्टीव्हन्सन यांनी धीर सोडला नाही. फळीचे मागील टोक वर उचलण्याच्या कल्पनेचे पेटंट त्यांनी १९७१ साली मिळवले. मात्र १९७९ साली ते न्यायालयात टिकले नाही.

व्यवसायाला दुसरे जीवदान मिळाले ते चाकामुळे. फ्रँक नॅसवर्दी या तरुणाने व्हर्जिनियातील एका कारखान्यात पॉलियुरेथेनची चाके पाहिली. ती रोलर स्केटसाठी बनवली जात. तीच स्केटबोर्डला बसवून त्यांनी 'कॅडिलॅक' या नावाने विकली. मूळ दोष दूर होताच ग्राहक परतला. जागोजागी काँक्रीटची क्रीडांगणे उभी राहिली. तथापि, अपघाताच्या दायित्वासाठीचा विमा महाग व दुर्मीळ होत गेल्याने १९८० च्या सुमारास त्यांतील बहुतेक बंद पडली.

टोनी हॉक यांच्या जीवनात हेच चढउतार दिसतात. १९८२ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी ते व्यावसायिक खेळाडू झाले. स्वतःच्या नावाच्या फळ्यांच्या रॉयल्टीतून त्यांनी शालेय शिक्षण संपण्यापूर्वीच घर घेतले. पुढे मंदी आली, उत्पन्न आटले. तरीही १९९२ साली घरावर कर्ज काढून त्यांनी पेर वेलिंडर यांच्यासह 'बर्डहाउस' ही कंपनी स्थापन केली. १९९९ साली त्यांच्या नावाचा व्हिडिओ गेम आला, तेव्हा हाती येणारी मोठी एकरकमी रक्कम नाकारून त्यांनी विक्रीतील वाटा पसंत केला. तो निर्णय कमालीचा फलदायी ठरला. ही वाटचाल त्यांनी आपल्या २०१० सालच्या पुस्तकात मांडली आहे.

भरतीच्या काळात नफा अनेकांना मिळतो. ओहोटीत टिकतो तो उत्पादनातील उणीव ओळखणारा, जोखमीची तरतूद करणारा आणि आजच्या रकमेपेक्षा उद्याच्या उत्पन्नाचा विचार करणारा. फळीवर असो वा व्यवसायात, पडणे टळत नाही. पुन्हा उभे राहण्याइतके बळ मात्र आधीच गाठीशी असावे लागते.