वेगळे वागूनही आपल्यातच

शिमग्यात कोकणातल्या गावी ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते. अंगण सारवून, रांगोळी घालून, ओटीचे सामान ताटात मांडून घरची माणसे वाट पाहत उभी असतात. मुंबईहून खास त्यासाठी रजा काढून आलेले चाकरमानीही त्यांत असतात. ढोलाचा आवाज जवळ येतो आणि एखाद्या दारावरून पालखी न थांबता पुढे निघून जाते. त्या घराने गावकीचा शब्द मोडलेला असतो. कुणी दुसऱ्या जातीत लग्न केलेले असते, कुणी जमिनीच्या वादात पंचांकडे न जाता कोर्टाची पायरी चढलेले असते, कुणी ठरलेली वर्गणी द्यायला नकार दिलेला असतो. मारहाण होत नाही, शिवीगाळही होत नाही. पण किराणा दुकानदार माल देत नाही, गिरणीवाला दळण घेत नाही, लग्नाची पत्रिका येत नाही आणि घरात मयत झाली तर खांदा द्यायला माणसे येत नाहीत. त्या घराला वाळीत टाकलेले असते.

विविधतेची चर्चा आपल्याकडे बहुतेक वेळा दोन समाजांच्या नात्याभोवती फिरते: हिंदू आणि मुसलमान, मराठी आणि परप्रांतीय, सवर्ण आणि दलित. ती चर्चा हवीच. पण प्रत्येक समाज आपल्याच पोटातल्या वेगळ्या माणसाशी कसा वागतो, हा प्रश्न तिच्यात सहसा येत नाही. मला तो अधिक मुळातला वाटतो. परजातीच्या माणसाबद्दलचा पूर्वग्रह घरातल्या पोरीने त्याच्याशी लग्न करायचे ठरवले की खरा बाहेर येतो, आणि तेव्हा शिक्षा त्या परक्याला होण्याआधी घरच्या पोरीला होते. समाजांच्या सीमा राखल्या जातात त्या अशा, आपल्याच माणसांना धाक घालून.

महाराष्ट्राने हा धाक फार जवळून पाहिला आहे. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्यातल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये एका कार्यक्रमानंतर पाहुण्यांपुढे चहा आला. काहींनी तो घेतला, काहींनी पेला नुसता बाजूला ठेवला. रानडे होते, टिळक होते, शहरातली कितीतरी जाणती मंडळी होती. आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव यांनी हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली आणि ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचा वाद, उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, पंच नेमले गेले, चौकशी झाली. टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले, तरी त्यांच्या घरच्या धर्मकार्यांना भटजी मिळण्याची पंचाईत झालीच. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले आणि सुधारकांमध्ये मोठी नाराजी पसरली.

रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत हा प्रसंग सांगितला आहे. रानड्यांना स्वतःसाठी प्रायश्चित्ताची गरज वाटत नव्हती. त्यांच्याबरोबर अडकलेल्या मित्रांची घरच्या माणसांपुढे कुचंबणा होत होती, म्हणून ते झुकले. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती होऊ घातलेला, विद्वत्तेत ज्याच्या तोडीची माणसे देशात मोजकी, अशा माणसाला बहिष्काराने नमवले ते शेजारच्या घरातून. बहिष्काराचे सारे बळ या एका गोष्टीत आहे. तो बंडखोराला एकट्याला गाठत नाही. त्याच्या मित्राला, आईला, भावाला, लग्नाच्या बहिणीला गाठतो.

धोंडो केशव कर्व्यांच्या बाबतीत हे आणखी उघडे दिसते. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी पुण्यात गोदूबाईंशी विवाह केला. त्या विधवा होत्या, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होत्या. कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होते, पुण्यात त्यांची नोकरी गेली नाही. पण त्यांचे गाव मुरुड. तिथे गावकऱ्यांनी सभा भरवून ठराव केले. कर्व्यांबरोबर कुणी एका जाजमावर बसायचे नाही. ज्या सभेला ते येतील तिथे कुणी थांबायचे नाही. आणि भावांनी त्यांना घरात उतरवून घेतले, तर त्या भावांनाही वाळीत टाकायचे. यातला तिसरा ठराव सगळ्यांत महत्त्वाचा. कर्वे दूर पुण्यात होते, त्यांना गावाने काय करावे? पण गावात राहणाऱ्या भावाला रोज त्याच विहिरीवर आणि त्याच देवळात जायचे होते. दार कर्व्यांच्या भावानेच लावून घ्यावे, अशी ती योजना होती.

आता हीच रीत जिथे जमीन, मजुरी आणि पाणी दुसऱ्यांच्या हातात आहे तिथे लावून पाहा. १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळाने मंजूर केला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. तरी १९२७ च्या मार्चपर्यंत त्या तळ्याचे पाणी कुणा दलिताने घेतले नव्हते. २० मार्चला डॉ. आंबेडकरांनी आणि हजारो सत्याग्रहींनी ते घेतले, त्यानंतर मार खाल्ला आणि पुढे दहा वर्षे कोर्टात लढून १९३७ मध्ये उच्च न्यायालयात हक्क शाबीत केला. कागदावरचा हक्क आणि ओंजळीतले पाणी यांच्यामध्ये काय उभे असते, ते १९२८ मध्ये मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीने तपासले. आंबेडकर तिचे सदस्य होते. समितीला आढळले ते असे: खेड्यात दलित कुळे सवर्णांची जमीन कसतात, त्यांच्याच शेतावर मजुरी करतात, त्यांच्याच दुकानातून मीठ-मिरची घेतात. हक्क बजावायचा म्हटले की जमीन काढून घेतली जाते, मजुरी बंद होते, वाण्याचे दुकान बंद होते, नेहमीची पायवाटसुद्धा अडवली जाते. मग हक्क असूनही माणसे गप्प राहतात.

आंबेडकरांनी हे फार गांभीर्याने घेतले. गोलमेज परिषदेपुढे दिलेल्या मागण्यांत त्यांनी बहिष्कार हा गुन्हा ठरवावा असे लिहिले आणि ब्रह्मदेशातल्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्यावरून मसुदाही जोडला. बहिष्कार टाकणे, त्याला चिथावणी देणे आणि त्याची धमकी देणे हे तिन्ही त्यांनी वेगवेगळे गुन्हे मानले. १९४७ मध्ये घटना समितीसाठी केलेल्या निवेदनात त्यांनी पुन्हा तेच मागितले. राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली. पण दलित-आदिवासींवरचा सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार अत्याचार प्रतिबंधक कायद्यात नाव घेऊन आला तो थेट २०१५ च्या दुरुस्तीने.

समाजाच्या आतल्या बहिष्काराची कायदेशीर कहाणी याहून गुंतागुंतीची आहे, कारण तिथे दोन्ही बाजू स्वातंत्र्याचीच भाषा बोलतात. १९४९ मध्ये मुंबई राज्याने कुठल्याही जमातीला आपल्या सभासदाला बहिष्कृत करण्यास बंदी घालणारा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाचे धर्मप्रमुख सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांनी त्याला आव्हान दिले. समाजाची शिस्त राखणे हा धर्माच्या कारभाराचा भाग आहे आणि तो चालवण्याचे स्वातंत्र्य घटनेच्या २६व्या कलमाने दिले आहे, असे त्यांचे म्हणणे. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने ते मान्य केले आणि कायदा रद्द झाला. सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांनी एकट्याने वेगळा निर्णय दिला. बहिष्कृत माणसाला समाज अस्पृश्यासारखाच वागवतो, म्हणून हा कायदा घटनेच्या आत्म्याशी जुळतो, असा त्यांचा आशय होता. मला वाटते, त्या निकालातला न्याय सिन्हांच्या बाजूला होता. समूहाचे स्वातंत्र्य खरेच आहे. ते नसेल तर अल्पसंख्य समाज टिकणार नाहीत. पण दफनभूमीत जागा नाकारण्याची आणि मुलाला आईबापांशी बोलायला बंदी करण्याची मुभा त्या स्वातंत्र्यात बसत नाही.

बोहरा सुधारकांनी ती किंमत मोजली. असगर अली इंजिनियर यांचे वडील स्वतः धर्मोपदेशक होते. मुलगा मुंबई महापालिकेत अभियंता झाला, पुढे सुधारणा चळवळीचा प्रमुख आवाज झाला आणि बहिष्कृतही झाला. १९८६ मध्ये सुधारकांच्या संस्थेने १९६२ च्या निकालाचा फेरविचार व्हावा म्हणून सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २०२३ च्या फेब्रुवारीत पाच न्यायाधीशांच्या पीठाने त्या निकालाचा पुन्हा विचार व्हायला हवा असे मानून तो नऊ जणांच्या पीठाकडे सोपवला. मधल्या सदतीस वर्षांत माणसांची अख्खी आयुष्ये गेली. बोहरांबाहेरच्या मुस्लिम समाजातही असा आतला आवाज होता. चिपळूणजवळच्या मिरजोळीच्या हमीद दलवाईंनी १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले आणि शेवटपर्यंत समाजाच्या आतूनच बोलण्याचा आग्रह धरला. ४४ व्या वर्षी ते गेले, आणि तो आग्रह आजही त्यांच्या मंडळाच्या कामात आहे.

२०१३ च्या उन्हाळ्यात नाशिकमध्ये आंतरजातीय लग्न केलेल्या गरोदर मुलीचा बापानेच खून केला. त्यामागे जातपंचायतीच्या बहिष्काराची भीती होती हे पुढे आले, आणि डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी जातपंचायतींना मूठमाती देण्याची मोहीम हाती घेतली. त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात त्यांची हत्या झाली. मोहीम थांबली नाही. कार्यकर्त्यांनी गावोगावच्या तक्रारी गोळा केल्या, काही पंचायती पंचांनी स्वतःहून बरखास्त केल्या, कंजारभाट समाजातल्या तरुणांनी लग्नाच्या रात्रीच्या कौमार्य चाचणीविरुद्ध आवाज उठवला आणि मारही खाल्ला. १३ एप्रिल २०१६ रोजी विधिमंडळाने सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा मंजूर केला. राष्ट्रपतींची संमती मिळून तो ३ जुलै २०१७ पासून लागू झाला. असा कायदा करणारे महाराष्ट्र पहिले राज्य. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, बहिष्कार लादणारा आणि त्याला साथ देणारा दोघेही दोषी, आरोपपत्रानंतर सहा महिन्यांत खटला संपवण्याची अपेक्षा.

कायदा चांगला आहे. तो राबवताना अडते ते पुराव्यापाशी. बहिष्काराचा ठराव आता मुरुडच्या सभेसारखा उघडपणे होत नाही. बैठकीत तोंडी ठरते, मुंबईत गावाच्या मंडळाच्या खोलीत निरोप पोचतो, आणि विचारायला गेले की प्रत्येक जण म्हणतो, “आमचे त्यांचे बोलणे नाही, एवढेच.” कुणाशी बोलायचे हा ज्याचा त्याचा प्रश्न, असे म्हटले की पोलीस “आपसात मिटवून घ्या” म्हणून परत पाठवतात.

गावकीचे सगळेच वाईट आहे, असे मी मानत नाही. त्याच गावकीने पुरात घरे सावरली, गिरणगावातल्या त्याच खोल्यांनी मुंबईत पहिल्यांदा आलेल्या पोरांना पाठ टेकायला जागा दिली. म्हणून तर तिच्यातून हाकलले जाणे इतके जिव्हारी लागते. बहिष्कृताला “शहरात जाऊन राहा ना” असा सल्ला देणाऱ्यांना हे कळत नाही. त्याला निघून जाण्याचा हक्क नको असतो, तो त्याच्याकडे आहेच. त्याला त्याच वाडीत, त्याच माणसांत, स्वतःच्या मर्जीने लग्न करून राहायचे असते.

त्यासाठी कायद्याचे लक्ष एका माणसाकडे वळायला हवे, ज्याचा विचार रानडे आणि कर्वे यांच्या काळापासून बहिष्कार टाकणाऱ्यांनी नेमका केला आणि आपण केला नाही. तो म्हणजे बहिष्कृताच्या घरी जाणारा पहिला शेजारी. त्याच्याशी बोललास तर पाच हजार दंड, तुझेही पाणी बंद, अशी धमकी त्याला मिळते. ही धमकी हाच सगळ्यांत ठोस पुरावा असतो, कारण तिच्यात रक्कम असते, निरोप आणणारा असतो, तारीख असते. तक्रार नोंदवताना पोलिसांनी “तुम्हाला कुणी वाळीत टाकले?” याच्या जोडीला “तुमच्याकडे आल्याबद्दल कुणाला दंड सांगितला?” हा प्रश्न विचारायला हवा. त्या शेजाऱ्याला साक्षीदारासारखेच पीडित मानून संरक्षण द्यायला हवे. अशी एक-दोन घरे निर्धास्तपणे ये-जा करू लागली, की पंचांना बाकी गावाला धाकात ठेवणे जमत नाही.