दुधाच्या पिशवीचा कोपरा

सकाळी दुधाची पिशवी फोडताना आपण तिचा कोपरा कापतो. तो इवलासा तुकडा ओट्यावरून मोरीत जातो, मोरीतून गटारात आणि पुढे नदीत किंवा खाडीत. भंगारवाल्यापर्यंत तो कधीच पोचत नाही, कारण एवढं बारीक प्लास्टिक वेचणं कुणालाच शक्य नसतं. कोपरा पुरता न कापता पिशवीलाच लटकता ठेवला, तर तोही पिशवीसोबत पुनर्वापराला जातो.

घर पर्यावरणपूरक करायचं तर वस्तू हातात घेताना दोन प्रश्न विचारायची सवय लावावी: ही कुठून आली आणि माझ्या दाराबाहेर पडल्यावर कुठे जाणार?

ओला कचरा: घरातच जिरवा

देठं, सालं, चहाचा चोथा, उरलंसुरलं अन्न हे सगळं कचराडेपोत ढिगाखाली दबून हवेविना कुजतं आणि त्यातून मिथेन वायू तयार होतो. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसपटीहून जास्त तापमानवाढ घडवतो. शिवाय तो पेटतो. जानेवारी २०१६ मध्ये देवनारच्या कचराभूमीला लागलेल्या आगीचा धूर मुंबईकरांनी दिवसेंदिवस सोसला आहे.

तीच सालं हवेशीर जागी कुजली की त्यांचं खत होतं. जुन्या बादलीला किंवा माठाला भोकं पाडा. तळाशी नारळाच्या शेंड्या आणि वाळका पाला पसरा. रोजचा ओला कचरा बारीक करून टाका आणि वर तेवढाच वाळका पाला किंवा लाकडाचा भुसा घाला. विरजण म्हणून मूठभर जुनं खत किंवा थोडं आंबट ताक पुरतं. आठवड्यातून दोनदा ढवळा. मिश्रण मुठीत दाबल्यावर लाडू वळावा, पण पाणी गळू नये, एवढीच ओल हवी. वास आला तर पाला वाढवा, मुंग्या झाल्या तर पाणी शिंपडा. दीड-दोन महिन्यांत मातीच्या वासाचं काळं खत हाती येतं.

सुका कचरा: धुऊन, वाळवून द्या

ओला आणि सुका कचरा वेगळा देणं २०१६ च्या घनकचरा नियमांनी प्रत्येक घराला बंधनकारक केलं. यामागचं कारण साधं आहे. आमटीत भिजलेल्या पुठ्ठ्याला भंगारात भाव मिळत नाही. दुधातेलाच्या पिशव्या विसळून दोरीवर वाळवल्या, तर त्या विकल्या जातात.

हा कचरा शेवटी कुणीतरी हाताने निवडत असतं. पुण्यात कचरावेचकांनी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन केली. पुढे त्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली. वापरलेले सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे पुडी न उघडता ओळखता येते, ही मोहीम याच संस्थेची. शाईचा एक ठिपका एखाद्या बाईचा हात घाणीपासून वाचवतो.

बॅटरी, ट्यूबलाइट, जुने चार्जर आणि मुदत संपलेली औषधं ओल्या किंवा सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकू नयेत. ती वेगळी साठवून संकलन केंद्रावर द्यावीत.

पिशवी: घरात आहे तीच

महाराष्ट्राने २०१८ मध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आणली. १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकचे चमचे, स्ट्रॉ, ताटल्या अशा एकदाच वापरायच्या वस्तू देशभर बंद झाल्या. पण दर खरेदीला नवी कापडी पिशवी घेणं हा त्यावरचा उपाय नाही. कापसाला पाणी लागतं, खत लागतं, कापड विणायला वीज लागते. जुन्या साडीची किंवा पँटची शिवलेली पिशवी सगळ्यात चांगली.

‘कम्पोस्टेबल’ असा शिक्का असलेली पिशवी बहुधा खतप्रकल्पातल्या नियंत्रित उष्णतेतच नीट विघटित होते. नाल्यात पडली तर ती दीर्घकाळ तशीच राहू शकते आणि साध्या प्लास्टिकमध्ये मिसळली तर पुनर्वापर बिघडवते.

वीज: तारेच्या पलीकडे पाहा

आपल्या घरात येणारी बरीचशी वीज चंद्रपूर, कोराडी यांसारख्या ठिकाणी कोळसा जाळून तयार होते. ७५ वॉटचा जुना पंखा रोज बारा तास चालला, तर महिन्याला २७ युनिट जळतात. सुमारे ३० वॉटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा तेवढंच काम ११ युनिटांत करतो. म्हणून सर्वांत जास्त चालणारा पंखा आधी बदला.

फ्रिज घेताना ताऱ्यांबरोबर लेबलवरचा वार्षिक युनिटांचा आकडाही वाचा. पाच ताऱ्यांचा मोठा फ्रिज तीन ताऱ्यांच्या लहान फ्रिजपेक्षा जास्त वीज खाऊ शकतो.

पाणी: शुद्ध करण्याआधी मोजा

आरओ यंत्र लिटरभर पाण्यासाठी बरेचदा दोन-तीन लिटर पाणी सोडून देतं. पाण्यातल्या क्षारांचं प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल, तर केवळ क्षारांसाठी आरओची सहसा गरज नसते. जंतूंसाठी साधा फिल्टर आणि उकळणं किंवा अतिनील किरणांचं यंत्र पुरतं. यंत्र आधीच बसवलं असेल, तर सोडलेलं पाणी बादलीत धरून फरशी पुसायला आणि संडासात वापरा.

खरेदी: डब्याकडे बघून यादी करा

सात दिवस आपला सुक्या कचऱ्याचा डबा नीट पाहा. त्यात बिस्किटांची वेष्टनं जास्त आहेत की जेवण मागवल्याचे डबे, पाण्याच्या बाटल्या की पुठ्ठ्याची खोकी? जे सर्वांत जास्त दिसेल, तेवढी एकच खरेदी पुढच्या महिन्यात बदला. स्टीलचा डबा घेऊन वाण्याकडे जा, मिक्सर टाकण्याआधी दुरुस्तीला न्या, लग्नातले कपडे भावंडांत वाटून वापरा. एक सवय अंगवळणी पडली की दुसरी धरा. डबा भरायला लागणारे दिवस वाढले, की आपली वाट बरोबर आहे.