एक ‘रन’, अर्थ शेकडो!

‘रन’ म्हटलं की आपल्याला आधी क्रिकेट आठवतं. इंग्रजीत जेमतेम तीन अक्षरं. पण ऑक्सफर्ड कोशाच्या संपादकांनी मोजले, तर नुसत्या क्रियापदाचेच ६४५ अर्थ निघाले! १९८९च्या आवृत्तीत ४३० अर्थांसह ‘सेट’ पुढे होता.

नदी वाहते ती ‘रन’, सर्दीत नाक वाहतं तेही ‘रन’. धुताना साडीचा रंग दुसऱ्या कपड्यांना लागला, तरी ‘रन’. दुकान चालवणंही ‘रन’च. खरी गंमत निवडणुकीत: अमेरिकेत उमेदवार ‘रन’ करतो, ब्रिटनमध्ये मात्र ‘स्टँड’, म्हणजे आपल्यासारखाच उभा राहतो!

आपलं ‘लागणं’ही काही कमी नाही. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, डोळाही लागतो. तुम्हाला आणखी किती सुचतात?